उपकारस्तुती आणि संसार : मराठी ख्रिस्ती साहित्यातील शांतीचा शोध

मराठी ख्रिस्ती धर्मभाषेत ‘उपकारस्तुती’ हा शब्द नित्याच्या वापरातला आहे. एरवीच्या मराठी बोलण्यात ‘उपकार’ हा शब्द थोडा अवघडूनच येतो. उपकार फेडायचे असतात. फिटले नाहीत तर त्यांचे ओझे होते. आणि घरातल्या भांडणात ‘उपकार करतोस काय?’ या प्रश्नाला शस्त्राची धार असते. ‘आभार’ या शब्दातही भार ऐकू येतोच. बायबलच्या मराठी भाषांतरांनी आणि उपासनेच्या पुस्तकांनी या अवघडलेल्या शब्दाला ‘स्तुती’ जोडली, आणि जे फेडायचे होते ते गायचे झाले. हा फरक लहान नाही. मात्र त्याच्या शेजारी ‘कृतज्ञता’ हा जुना संस्कृत शब्द ठेवून पाहिला, की एक अडचण समोर येते. कृतज्ञ म्हणजे केलेले जाणणारा. आपल्यासाठी कोणी काय केले हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या स्तुतीला सूर असेल, पण तिच्याखाली जमीन नसते. मराठी ख्रिस्ती साहित्यात शांती आणि कृतज्ञता यांविषयी विपुल लिहिले गेले आहे. त्यातले कोणते लेखन जाणिवेतून आले आणि कोणते नुसत्या सुरातून, याची निवड समीक्षेने अद्याप पुरेशी केलेली नाही.

या साहित्याकडे पाहण्याची मराठी समीक्षेची रीत ठरून गेलेली आहे. फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा (1616) भाषिक चमत्कार म्हणून गौरव करायचा, बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’ला (1857) पहिल्या कादंबरीचा मान द्यायचा, रेव्हरंड नारायण वामन टिळकांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणायचे, आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’ना मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत बसवायचे. प्रत्येक विधान खरे आहे. पण या सर्वांनी ज्या एका अनुभवासाठी लेखणी उचलली, त्या धर्मानुभवाचा प्रश्न आला की समीक्षा एकतर आदराने गप्प बसते किंवा ‘प्रचारसाहित्य’ असा शिक्का मारून मोकळी होते. धर्मानुभवाची साहित्यिक पारख करता येते, हे संतकाव्याच्या बाबतीत मान्य केलेले तत्त्व ख्रिस्ती लेखकाच्या वाट्याला क्वचितच आले.

ख्रिस्ती साधनेच्या परंपरेत शांतीसाठी एकांत राखून ठेवण्याची पद्धत जुनी आहे. इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात सिद्ध केलेली आध्यात्मिक साधना तीस दिवसांची असते. जेझुइट संन्यासी तिचा संक्षेप दरवर्षी आठ दिवस करतात. अँग्लिकन पंथात एकोणिसाव्या शतकातील ऑक्सफर्ड चळवळीनंतर अशा एकांतवासाला नवे बळ मिळाले, आणि ज्यांना आठ दिवस काढता येत नाहीत त्यांच्यासाठी एका दिवसाचे मौन, म्हणजे मौनदिन, पाळण्याची प्रथा रूढ झाली. सकाळी प्रभुभोजनाचा विधी, दिवसभरात दोनतीन लहान प्रवचने, त्यांच्या मध्ये दीर्घ मौन, जेवणही न बोलता. एखादा जण वाचत असतो आणि इतर ऐकत जेवतात. मराठी ख्रिस्ती समाजात याला बहुधा ‘रिट्रीट’ म्हणतात. सैन्याच्या माघारीलाही इंग्रजीत हाच शब्द आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रथेतील विनय कळतो. रोजच्या लढाईतून चार पावले मागे यावे, श्वास घ्यावा, आणि मिळालेल्या गोष्टी आठवाव्यात, एवढाच तिचा दावा आहे.

या दाव्यात खोटे काही नाही. पण मौनदिनी जेवण वाढणारा कोणी तरी असतो. घरातला एक माणूस मौनात बसला, की त्या दिवशी मुलांना हाका मारणारा, दूधवाल्याशी बोलणारा, चूल पेटवणारा दुसरा माणूस लागतो. एकाची शांती दुसऱ्याच्या श्रमावर उभी असते, आणि कृतज्ञतेची परीक्षा तिथेच होते. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील मार्था आणि मरीया या बहिणींची कथा याच पेचाची आहे. मरीया येशूच्या पायांशी बसून ऐकते, मार्था स्वयंपाकाच्या धावपळीत तक्रार करते, आणि येशू मरीयेची बाजू घेतो. शतकानुशतके प्रवचनकारांनी या कथेवरून ध्यानाला कर्माच्या वरची पायरी दिली. योहानाच्या अकराव्या अध्यायात येशूला सामोरी जाऊन ख्रिस्त म्हणून त्याचा उघड स्वीकार करणारी मार्थाच आहे, याची आठवण मात्र त्या प्रवचनांत फारशी होत नाही. घरकाम करणारीला धर्माचे आकलन असू शकते, हे मूळ ग्रंथाला मान्य होते. ते भाष्यकारांना जड गेले असावे.

महाराष्ट्राला हा पेच ख्रिस्ती धर्माने शिकवला असे नाही. तुकाराम महाराज भामचंद्राच्या आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात बसत, आणि जिजाई भाकरी घेऊन डोंगर चढे. चरित्रपरंपरेने तिला कजाग ठरवले. पण त्याच परंपरेने तिच्या पायात काटा मोडल्याची आणि तो काढायला प्रत्यक्ष विठ्ठल आल्याची कथाही जपली. डोंगरावर बसलेल्या भक्ताला जो देव शोधावा लागत होता, तो भाकरी घेऊन निघालेल्या बाईच्या पायाशी स्वतः येऊन बसतो. लोकमानसाने केलेला हा न्याय सूक्ष्म आहे. जनाबाईच्या जात्याला हात लावणारा विठ्ठल याच न्यायाने वागतो. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असे टिळक सांगत, त्याचा अर्थ अभंगाच्या छंदापुरता घेऊन चालणार नाही. त्या वाटेवर जिजाईचाही डोंगर आहे.

नारायण वामन टिळक (1861-1919) हे स्वभावाने एकांताचे कवी. ‘वनवासी फूल’ या नावाची दीर्घ कविता लिहावी इतका त्यांना रानात एकटे उमललेल्या फुलाचा विषय मोठा वाटला. घर सोडून निघून जाणे ही त्यांच्या आयुष्यात पुनःपुन्हा येणारी घटना आहे. कधी धर्माच्या शोधात, कधी नोकरीच्या, तर कधी कारण त्यांनाच ठाऊक. राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कामात त्यांनी आयुष्याचा मोठा भाग घालवला, ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन केले, आणि ‘अभंगांजली’तील रचना केल्या. 1917 मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तिथे एकत्र यावेत, अशी ती कल्पना होती. पाश्चात्त्य संस्थेच्या चौकटीतून ख्रिस्ताला बाहेर काढून भारतीय संन्याशाच्या आणि वारकऱ्याच्या सोबतीला बसवण्याचा तो धाडसी यत्न होता, आणि त्याचे ऐतिहासिक मोल कोणी नाकारू नये.

‘अभंगांजली’तील शांतीचे स्वरूप पाहता ती शरणागतीची शांती आहे. ‘मी’ विरघळतो, ‘तू’ उरतो, आणि वाणीला विसावा मिळतो. उत्तम अभंगांत ही प्रक्रिया प्रत्ययकारी आहे. तुकारामाची बोली आणि ख्रिस्ती आशय यांची सांधेजोड कुठेही दिसू नये इतकी सफाई त्यांत साधली आहे. तरी एक उणीव जाणवते. या शांतीत इतर माणसे फार थोडी आहेत. देव आहे, भक्त आहे, आणि मानवजात या मोठ्या नावाखाली सर्व जग आहे. शेजारघर मात्र नाही. टिळकांनी दारी आलेल्यासाठी घर लुटवले हे खरे, परंतु त्यांच्या भक्तिकवितेत त्या घराचा धूर येत नाही. तो पाहायचा तर ‘स्मृतिचित्रां’कडेच जावे लागते.

लक्ष्मीबाई टिळक (1868-1936) यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली ती टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी टिपून द्याव्यात या मुलाच्या, देवदत्त टिळकांच्या, आग्रहावरून. पहिला भाग 1934 मध्ये प्रसिद्ध झाला. शालेय शिक्षण नाही, अक्षरओळख लग्नानंतरची, आणि तरीही मराठी गद्यात इतकी सहज, इतकी बोलकी वाक्यरचना त्यापूर्वी क्वचितच आढळते. या पुस्तकाचे कौतुक विनोदासाठी झाले, प्रांजळपणासाठी झाले, बदलत्या काळाच्या चित्रणासाठी झाले. साधनेचे पुस्तक म्हणून त्याचे वाचन मात्र झालेले नाही. याला लक्ष्मीबाईंची पद्धतच कारण आहे. त्या आपल्या आध्यात्मिक अवस्थेविषयी जवळजवळ बोलतच नाहीत. जिथे दुसरा लेखक अंतःकरणातील प्रकाशाचे वर्णन करील, तिथे त्या घागर, भांडी, आजारी मूल आणि दारात उभा राहिलेला अनाहूत पाहुणा यांची हकीकत सांगतात.

पुस्तकाचा आरंभच शुद्धतेच्या वेडाने होतो. लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याओवळ्याच्या इतके आहारी गेलेले, की घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची. सारे घर त्या धुण्याच्या ताब्यात. लेखिका हे हसत सांगते. परंतु त्या घरात शांती नाही, हे वाचकाला तिने न सांगताच उमगते. पवित्र राहण्याच्या धडपडीत जगण्याला उसंतच उरलेली नाही. पुढे नवऱ्याच्या घरी दुसरे टोक. तिथे वस्तू टिकतच नाहीत. हाती दिलेले पैसे ज्यासाठी दिले त्याखेरीज कशावरही खर्च व्हावेत, घरातले सामान मागेल त्याला जावे, आणि घरधनी केव्हा येईल, केव्हा जाईल याचा नेम नसावा. एक पुरुष धर्मासाठी घर धूत राहतो, दुसरा धर्मासाठी घर सोडून जातो. दोन्ही घरांत रोजचा दिवस पार पाडण्याचे काम बायकांचे. ही जोडणी लेखिकेने हेतुतः केली असे म्हणण्यास आधार नाही. पण पुस्तकाच्या रचनेत ती आहे, आणि वाचकाने ती पाहिली पाहिजे.

1895 मधील टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वाट्याला सुमारे पाच वर्षांचा वियोग आला. ख्रिस्ती चरित्रलेखनात टिळकांच्या शांतीचे वर्ष म्हणून 1895 नोंदले जाते. त्याच वर्षी त्यांच्या पत्नीची शांती गेली, नातलगांच्या घरी आश्रितासारखे राहणे आले, नवरा असून नसल्यासारखी अवस्था आली. एकांत तिलाही मिळाला, पण तो तिने मागितलेला नव्हता. साधनेच्या ग्रंथांत एकांताचे गुणगान असते, ते स्वतः निवडलेल्या एकांताचे. लादलेल्या एकांताविषयी ते ग्रंथ सहसा मुके असतात. या दुसऱ्या एकांताचे मराठीतील पहिले विस्तृत चित्रण ‘स्मृतिचित्रां’त आहे, आणि त्यात आक्रोश जवळजवळ नाही. दुःख सांगता सांगता लेखिका मध्येच एखाद्या फजितीकडे वळते. ती आधी स्वतःची असते, मग इतरांची. हा विनोद दुःख लपवण्यासाठी योजलेला नाही. दुःख कुठवर पसरू द्यायचे, याची सीमा तो आखतो. प्रार्थनेने जे काम भक्ताच्या मनात होते, ते या लेखनात विनोदाकडून होते.

त्यानंतरचा टप्पा अधिक महत्त्वाचा आहे. लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत गेल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. आपले सोवळे, आपले पाणी, आपली चूल वेगळी ठेवूनच त्यांनी हे जवळ राहणे स्वीकारले. जातीची भिंत त्यांच्या मनात कोसळली ती कोणाच्या उपदेशाने नाही, तर स्वतःशी केलेल्या विचाराने. आणि तिची निष्पत्ती एखाद्या सिद्धांतात न होता, कोणाच्याही हातचे पाणी पिण्याच्या निश्चयात झाली. बाप्तिस्मा आला तो त्यानंतर, 1900 मध्ये. मराठी ख्रिस्ती साहित्यात धर्मांतराच्या कथा पुष्कळ आहेत आणि त्यांचा साचाही ठरलेला आहे : शंका, ग्रंथवाचन, अंतःकरणातील झगडा, प्रकाश, छळ, शांती. लक्ष्मीबाईंच्या कथेत हा क्रम मोडतो. येथे शेजाऱ्याच्या हातचे पाणी आधी आणि तत्त्वज्ञान मागून. कृतज्ञता म्हणजे केलेले जाणणे असेल, तर ज्याच्या हातचे घेणे आजवर अशक्य होते त्याच्या हातचे घेता येणे, हा तिचा फार मोठा टप्पा मानावा लागेल. सोवळ्यातल्या माणसाला कोणाचेच उपकार घेता येत नाहीत. त्यामुळे त्याला कोणाची स्तुतीही करता येत नाही. वडिलांच्या घरातील धुण्याची हकीकत पुस्तकाच्या तोंडाशी का यावी, याचा अर्थ इथे पोचल्यावर लागतो.

या वाचनावर एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. नवऱ्याने सोडले, घर विस्कटले, पैसा उधळला, आणि बाईने हसत आभार मानले, याला शांती म्हणायचे की सोशिकपणाची जुनीच भलामण? अलीकडच्या स्त्रीवादी वाचनाने हा प्रश्न योग्य रीतीने उभा केला आहे. शांता गोखले यांनी 2017 मध्ये केलेल्या संपूर्ण इंग्रजी भाषांतराच्या उपशीर्षकात लक्ष्मीबाईंचे वर्णन ‘तेजस्वी पत्नी’ अशा अर्थाचे आहे. 1950 मध्ये जोसेफिन इंक्स्टर यांनी केलेल्या आधीच्या भाषांतराचे नाव ‘मी मागोमाग येते’ अशा आशयाचे होते. दोन नावांतील अंतरात सदुसष्ट वर्षांच्या वाचनाचा इतिहास आहे. पहिल्या नावाने पतीच्या आणि ख्रिस्ताच्या मागे जाणारी स्त्री पाहिली, दुसऱ्याने स्वतःच्या पायांवर उभी असलेली. मूळ पुस्तक दोघांनाही पुरून उरते. लक्ष्मीबाई काहीही विसरलेल्या नाहीत, हे आधी मान्य केले पाहिजे. कोणत्या वेळी कोण निघून गेले, किती पैसे होते, काय विकावे लागले, कोणी आसरा दिला, कोणी तोंड फिरवले, याची नोंद त्या ठेवतात. सोशिक बाईचे लेखन ‘जाऊ द्या’ म्हणून तपशील गाळते. इथे तपशील एकही गाळलेला नाही. वसुलीची भाषा तेवढी सोडलेली आहे. हिशेब पूर्ण मांडून मग सोडलेले येणे आणि हिशेबच न ठेवणे, यांत जे अंतर आहे, तेच कृतज्ञता आणि सोशिकपणा यांत आहे. भक्तिवाङ्मयाचे अभ्यासक हे अंतर ओळखत नाहीत, तोवर ‘समाधान’ या शब्दाविषयी स्त्रियांना वाटणारा संशय रास्तच राहील.

पंडिता रमाबाईंचे (1858-1922) उदाहरण वेगळ्या कारणाने इथे उपयोगी पडते. केडगावचे मुक्तिसदन ही दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुलींची वस्ती. तिथे मौनाला जागा कुठली? शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, स्वयंपाक, आजारपण यांच्या गजबजाटात ते आयुष्य गेले. 1905 मध्ये तिथे जे धर्मजागरण झाले, त्यात तर शेकडो कंठांची एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना चाले. शांतीचा संबंध निःशब्दतेशी असलाच पाहिजे, या समजुतीला केडगाव हे चोख उत्तर आहे. आणि याच गजबजाटात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या हातांत मुक्तिसदनातीलच स्त्रिया होत्या. ग्रंथ 1924 मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. साहित्यकृती म्हणून हे भाषांतर ओबडधोबड आहे. संस्कृतप्रचुर धर्मभाषा टाळण्याचा अट्टाहास पुष्कळदा मराठीच्या मुळावर येतो. परंतु त्या अट्टाहासामागे अडाणी वाचकाविषयी असलेला आदर पाहिला, म्हणजे तो दोषही सहानुभूतीने वाचता येतो.

मौनदिनाची अँग्लिकन प्रथा आणि महाराष्ट्राची भक्तिपरंपरा यांची प्रत्यक्ष गाठ पडली ती जॅक विन्स्लो यांच्या कार्यात. टिळकांवर 1923 मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिणाऱ्या या मिशनऱ्याने त्याआधी एक वर्ष, 1922 मध्ये, अहमदनगर परिसरात ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला होता. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस पुण्यात त्याचा आश्रम उभा राहिला. भारतीय वेष, शाकाहार, जमिनीवरची बैठक, ठरलेल्या वेळांची उपासना आणि मौन, असा तिथला क्रम. टिळकांच्या ‘दरबारा’ला जे रूप मिळायचे राहिले, ते विन्स्लोंच्या हातून काही अंशी मिळाले, असे म्हणता येईल. पुढे 1970 नंतर याच ठिकाणी वंदना माताजी, सारा ग्रँट आदी भगिनींनी वेगवेगळ्या पंथांच्या स्त्रियांचा आश्रम चालवला आणि उपनिषदांच्या वाचनालाही ध्यानात स्थान दिले.

1927 मध्ये या संघात आलेला व्हेरिअर एल्विन हा ऑक्सफर्डचा तरुण. ख्रिस्ती गूढवाद हा त्याच्या अभ्यासाचा आणि आवडीचा विषय. शांतीसाठी पुण्याचा आश्रम त्याला पुरेसा पडावा, असे कोणालाही वाटले असते. 1932 मध्ये तो आश्रम सोडून मैकल पर्वतराजीतील करंजिया या गोंडांच्या गावी गेला, आणि त्याच्याबरोबर गेले संघातलेच शामराव हिवाळे हे मराठी ख्रिस्ती तरुण. एल्विन पुढे चर्चपासूनही दूर झाला. मानववंशशास्त्राच्या इतिहासात त्याचे नाव मोठे आहे, आणि साहित्य अकादमीने 1965 मध्ये त्याच्या आत्मचरित्राला मरणोत्तर पुरस्कार दिला. शामरावांचे नाव मात्र तळटिपेत राहिले. औषध देणे, भांडणे सोडवणे, शाळा आणि घर चालवणे ही रोजची कामे त्यांची. एल्विनने हे लपवलेले नाही. 1936 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लीव्ह्ज फ्रॉम द जंगल’ या त्याच्या रोजनिशीत शामराव पानोपानी आहेत, आणि त्यांच्याविषयीचे प्रेम थट्टेच्या स्वरात व्यक्त होते. ‘स्मृतिचित्रे’ याच वर्षांतली. दोन्ही पुस्तकांचे मूळ एकाच ख्रिस्ती वर्तुळात आहे. दोन्हींत साधनेची मोठी भाषा गळून पडलेली आहे. आणि गळती छपरे, ताप, पाहुणे, फसलेले बेत यांची विनोदी नोंद तिच्या जागी आली आहे. मराठी आणि भारतीय इंग्रजी साहित्याच्या अभ्यासकांनी ही दोन पुस्तके एकत्र वाचलेली नाहीत, याला भाषावार विभागलेल्या अभ्यासक्रमांखेरीज दुसरे कारण दिसत नाही. फरक एकच, आणि तो बराच बोलका आहे. एल्विनच्या घरात रोजचा दिवस चालवणारा माणूस पुस्तकातले पात्र आहे. टिळकांच्या घरात तो लेखक आहे. शामरावांनीही एल्विनवर ‘स्कॉलर जिप्सी’ हे पुस्तक 1946 मध्ये लिहिले, पण त्यातही प्रकाशझोत मित्रावरच आहे. स्वतःच्या दिवसांविषयी त्यांनी लिहिले असते तर काय मिळाले असते, याची कल्पना ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला येईल.

वसईच्या ख्रिस्ती लेखनाचा उल्लेख येथे थोडक्यात करणे प्राप्त आहे, कारण त्याचा स्वतंत्र विचार व्हावा इतके ते आता वाढले आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन 2024) यांच्या गद्यात बावखले, वाड्या, भाजीपाल्याचे मळे आणि चर्चची घंटा एकाच वाक्यात सुखाने नांदतात. वसईचे पाणी आणि हिरवाई वाचवण्याच्या लढ्यात उतरलेल्या या धर्मगुरूला ध्यान आणि चळवळ यांत निवड करावी लागली नाही. 2020 मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा निवडीविरुद्ध जो सूर उमटला, त्यात त्यांच्या लेखनाची चर्चा जवळजवळ नव्हतीच. टिळकांना जाऊन शंभर वर्षे झाल्यावरही ख्रिस्ती लेखकाचे साहित्य वाचण्याआधी त्याचा झगा पाहिला जातो, हे त्या निमित्ताने दिसले. दिब्रिटोंच्या शैलीत उपदेशकाचा गोडवा अधूनमधून जास्त होतो, ही त्यांच्या लेखनाची खरी मर्यादा. तिच्याविषयी मात्र कोणी बोलले नाही.

टिळकांनी ख्रिस्ताचे ओवीबद्ध चरित्र, ‘ख्रिस्तायन’, आरंभले होते. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले तेव्हा त्याचे सुरुवातीचे काही अध्यायच लिहून झाले होते. उरलेले बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले, आणि ग्रंथ त्यांच्याही मृत्यूनंतर, 1938 मध्ये, प्रसिद्ध झाला. पतीचे अपुरे काम पत्नीने पुरे केले, या भावुक कथेपलीकडे जाऊन दोघांच्या ओव्या शेजारी ठेवून पाहाव्यात. टिळकांच्या ओवीत संस्कृत व्युत्पत्तीचा डौल आहे, वर्णनाचा ऐसपैस विस्तार आहे. लक्ष्मीबाईंची ओवी आखूड वाटते, घाईत असल्यासारखी पुढे सरकते, आणि प्रसंग सांगून थांबते. काव्यगुणांत ती उणी आहे, हे मान्य करायला हवे. पण शुभवर्तमानातील माणसे, म्हणजे कोळी, जकातदार, आजारी बाया, पाणी भरायला आलेली शोमरोनी स्त्री, यांच्याशी तिची ओळख अधिक जवळची आहे. विहिरीच्या काठावर तहानेलेला येशू एका परक्या, वर्ज्य जातीच्या स्त्रीपाशी पाणी मागतो, हा प्रसंग योहानाच्या चौथ्या अध्यायातला. हातचे पाणी या गोष्टीची किंमत ज्या कवयित्रीने स्वतः मोजली होती, तिला त्याचा अर्थ भाष्यातून शोधावा लागला नसेल.

लक्ष्मीबाईंच्या स्फुट कवितांचा संग्रह 1951 मध्ये ‘भरली घागर’ या नावाने निघाला. त्याची फारशी चर्चा झाली नाही, आणि आज तो सहजी मिळतही नाही. ग्रंथालयांत ‘स्मृतिचित्रे’ आत्मचरित्रांच्या फडताळात असते, ‘ख्रिस्तायन’ धर्माच्या, आणि ‘भरली घागर’ सापडलीच तर कवितेच्या. तिन्ही पुस्तके एका टेबलावर मागवून वाचणारा विद्यार्थी अजून विरळाच आहे.